पहिलं वांगं बियाला

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. पंखा म्हटल्यावर तुम्ही लगेच छताकडे पाहाल, पण मी तिथे नाही. मी तळहाताएवढा, चौकोनी, काळा. सात पाती आहेत मला. संगणकाच्या पोटात बसायचं आणि त्याला गार ठेवायचं, एवढ्यासाठी माझा जन्म. माझ्या वाऱ्याने कुणाच्या कपाळावरचा घाम सुकला नाही, माझ्याखाली उताणं पडून कुणी 'हुश्श' केलं नाही. या गोष्टीचं मला फार वाईट वाटायचं. नंतर त्याहून वाईट गोष्ट घडली आणि हे दुःख मागे पडलं.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते सांगता येणार नाही, कारण मी खोक्यात होतो आणि खोक्यात अंधार होता. उजेड पाहिला तो कर्जतला, तहसील कचेरीसमोर, गजाच्या दुकानात. गजा लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचा, उतारे काढून द्यायचा. डोक्यावर पत्रा, दारात रांग. मे महिन्यात तिथे माणसं मेटाकुटीला यायची, पण नऊ वर्षांत तो संगणक एकदाही तापून बंद पडला नाही. गजा कौतुकाने त्याच्या पाठीवर थाप मारायचा. काम माझं आणि शाबासकी त्याला, पण आपण बोलतोय कुठे!

त्या दुकानातला एक माणूस मात्र माझ्या लक्षात राहिला. हिरू त्याचं नाव. कर्जतजवळ, कोंडाण्याच्या वाटेवर त्याचं घर आणि भातशेती. सहा भावांनी मिळून जमीन बंगल्यांसाठी द्यायचं ठरवलं होतं. हिरूचं मन नव्हतं, पण पाचांपुढे एकाचं काय चालणार? कागद टाइप करून घ्यायला तो आला, तेव्हा त्याच्या हातात पिशवी होती.

"घे रं गजा, वांगी हायत. आमच्या परसातली."

"काका, कशाला त्रास घेतलात?"

"खाऊन बघ. पयलं झाडावरच ठेवलंय, बियाला. ही त्याच्या मागची."

गजा हसला. "जमीनच चालली, आता बी ठेवून काय करणार, काका?"

 हिरूने कागदावर सही केली, पिशवी टेबलावर ठेवली आणि तो गेला. आतल्या जाळीतून मला वांगी दिसत होती. लहान, गोल, जांभळ्यावर पांढऱ्या रेघा.

पुढे गजाने नवा संगणक घेतला. मी खणात पडलो, तुटक्या माऊसच्या आणि वायरींच्या सोबतीला. दीड वर्ष फिरलो नाही. फिरणाऱ्याला थांबवून ठेवणं ही फार वाईट शिक्षा आहे, मित्रांनो. मग एके दिवशी खण उघडला आणि कुणीतरी विचारलं, "गजादादा, बारका पंखा हाय का रं एखादा? जुना चालंल."

तो हिरूचा मुलगा हर्षद होता. मला त्याने खिशात टाकलं आणि घरी नेलं.

घर म्हणजे आता जमिनीच्या पैशांतून घेतलेला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. ऊन यायला वाटच नाही. आतल्या खोलीत हिरू पलंगावर पडलेला. त्याची डावी बाजू गेली होती आणि बोलणंही जड झालं होतं. उशाशी एक पुरचुंडी असायची. राखेत घोळलेलं वांग्याचं बी होतं त्यात, फक्त सहा. जमिनीवर मशीन फिरलं, तेव्हा त्या सालची वांगी अजून पिकायची होती. आधीच्या सालचं नऊ बी तेवढं उरलं. त्यातलं तीन खिडकीतल्या कुंडीत लावून पाहिलं. उजेडासाठी ती रोपं नुसती लांब होत गेली आणि एका सकाळी आडवी झाली. दुसरीकडे कुठे ते वांगं राहिलं नव्हतं. हिरूचं म्हणणं एवढंच होतं, "एकदा फळ बघू दे. मग माझं काय व्हायचं ते व्हऊ दे."

गच्चीवरचं ऊन कोवळ्या रोपांना सोसलं नसतं, म्हणून हर्षदने मोबाइलवर बघून बघून बाहेरच्या खोलीत एक कपाट तयार केलं. ज्या लाकडी कपाटात त्याच्या आईच्या गोधड्या असायच्या, तेच घेतलं. आतून चंदेरी कागद लावला, वर दिवे बसवले. दिव्यांनी आत उजेड होतो तशी धगही होते. ती बाहेर काढायला वरच्या बाजूला मला बसवलं आणि बाहेरची हवा आत यायला खाली एक झरोका ठेवला. त्यावर डासांची जाळी.

पहिल्या दिवशी हर्षदने मला उलटा बसवला! त्याची बायको जागृती उदबत्ती पेटवून घेऊन आली. खाली धरली, तर धूर आत जाण्याऐवजी तिच्याच तोंडावर.

"अवो इंजिनेर, धूर बगा कुठं चाललाय!"

हर्षदने मुकाट्याने मला सरळ केलं. मग धूर खालून आत गेला आणि माझ्यातून बाहेर पडला. ते ऐकून आतल्या पलंगावर हिरू हसला. अर्ध्याच तोंडाने, पण हसला. मी इतक्या आनंदाने फिरलो की सगळं कपाट थरथरलं.

चैत्रात सहाही बी मातीत गेलं. नवव्या दिवशी कोंब दिसले. सहाच्या सहा! हिरूची बायको सोनुबाई ट्रे पलंगाशी घेऊन गेली. त्याने उजव्या हाताचं बोट मातीला लावलं आणि तो रडला. त्यानंतर तो रोज विचारायचा, "किती पानं झाली?" आणि सोनुबाई मोजून सांगायची.

ऊन वाढलं. खोलीतच छत्तीस, मग कपाटात विचारायलाच नको. जागृतीने झरोक्यासमोर ओलं गोणपाट टांगलं. त्यातून गार हवा आत यायची. सासूला तिने बजावलं, "आये, दार सारखं उगडू नका. आतली हवा बिगडते." सोनुबाईने मान डोलावली.

आता जे सांगायचं ते सांगताना माझी पाती जड होतात.

एका सकाळी हर्षद कामावर गेला. जागृती हळदीच्या कार्यक्रमाला माहेरी, कशेळ्याला गेली. घरात पलंगावर हिरू आणि सोनुबाई, दोघंच. तिने पानं मोजायला दार उघडलं. माझ्या वाऱ्याने ती इवलीशी रोपं हलत होती. तिने झरोक्याशी हात नेला. ओल्या गोणपाटातून येणारी हवा तिच्या बोटांना गार लागली.

"अगं बाय! कुडकुडतात की लेकरं," ती म्हणाली.

हर्षद जन्मला, तेव्हा तिच्या सासूने बाळंतिणीच्या खोलीतली एकूण एक फट चिंध्यांनी बुजवली होती. तान्ह्याला वारा लागू द्यायचा नाही. सोनुबाईने स्वतःही पुढे किती जणींच्या खोल्या अशाच बंद केल्या असतील. तिने जुन्या लाल लुगड्याचा मऊ तुकडा घेतला, ज्याची बाळाला दुपटी करतात तसला. त्याचा बोळा करून तिने गोणपाटामागे झरोक्यात घट्ट बसवला. मग दार लावलं. आणि सुनेने सांगितलं होतं म्हणून पुन्हा उघडलं नाही.

मी फिरत होतो, मित्रांनो. पण खालून हवाच आली नाही, तर मी बाहेर काय टाकणार? आत धग साचत गेली. माझा आवाज बदलला, बारीक झाला. मी जीव तोडून ओरडत होतो. सोनुबाई हिरूला पेज भरवत म्हणाली, "आज पंख्याचा सूर येगलाच लागलाय बगा." एवढंच. दुपारी एकाला पानं लवली. तीनला देठ मऊ पडले. त्यानंतर मी कुणासाठी फिरत होतो ते मला माहीत नाही.

संध्याकाळी तिने दार उघडलं. गरम वाफ तिच्या तोंडावर आली. आडवी पडलेली रोपं तिने एकेक करून उभी धरून पाहिली. मग झरोक्यातला बोळा ओढून काढला, कमरेला खोचला आणि भिंतीकडे तोंड करून, हिरूला ऐकू जाणार नाही अशी रडली.

हर्षद आला. आतला तापमानाचा काटा दिवसभरातला सगळ्यात मोठा आकडा दाखवत होता, एकोणपन्नास. त्याने रोपं पाहिली, झरोका पाहिला. झरोका मोकळा होता. मग माझ्याकडे पाहून तो दबक्या आवाजात म्हणाला,

"भंगारातला पंखा! दम नाय राहिला याच्यात. माझंच चुकलं."

 खोटं कशाला सांगू, मला सोनुबाईचा राग आला. नऊ वर्षं मी संगणक गार ठेवला आणि ज्या दिवशी माझ्यावर नाहक आळ आला, त्या दिवशी खरं सांगू शकणारी एकटी बाई पदर तोंडाला लावून उभी होती. रात्री परतलेल्या जागृतीने सगळं न्याहाळलं. झरोक्याच्या जाळीत तिला एक लाल धागा सापडला. तिने सासूकडे पाहिलं, धागा बोटाला गुंडाळला आणि ती कुणालाच काही बोलली नाही.

मला खिळ्यांच्या डब्यात टाकून हिरूच्या खोलीतल्या खिडकीवर ठेवलं. डब्याला झाकण नव्हतं. म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं.

हिरूला कुणी सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "किती पानं?"

सोनुबाई म्हणाली, "चार."

आठ दिवसांनी ती म्हणाली सहा. मग म्हणाली, मोठ्या कुंड्यांत लावली आणि गच्चीवर नेली. मग खालची पानं किडीने खाल्ली, तिने राख मारली. मग कळी आली, मग जांभळं फूल. चाळीस वर्षं तिने त्या परसात वांगी लावली होती, त्यामुळे एकही दिवस मागेपुढे झाला नाही. हिरू डोळे मिटून ऐकायचा. मधूनच सांगायचा, "आता पानी कमी घाल गं." ती म्हणायची, "व्हय, कमीच घालते." माझा राग कधी गेला ते मला कळलं नाही.

आषाढात हिरूचं जेवण सुटलं. त्या दिवशी सोनुबाई जीपने कशेळ्याच्या बाजाराला गेली आणि पांढऱ्या रेघांची वांगी शोधून घेऊन आली. भाजून त्यांचं भरीत केलं, तांदळाच्या भाकरीचा तुकडा त्यात बुडवून हिरूच्या तोंडात घातला. त्याने तो बराच वेळ घोळवला.

"ग्वाड हाय," तो म्हणाला. आणि मग, "पयलं बियाला ठेवलंस ना?"

तिचा हात थांबला. "ठेवलंय."

"दाव."

ती स्वयंपाकघरात गेली. उरलेल्या वांग्यांतलं एक तिने दोऱ्याला बांधून आणलं आणि माझ्या डब्याच्या वर भिंतीत असलेल्या खिळ्याला अडकवलं. बाजारातली वांगी खायला तोडतात, कोवळी असतानाच. बियाचं वांगं झाडावर पिवळं होऊ द्यावं लागतं. कोवळ्यातलं बी रुजत नाही. हे तिला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

हिरूने त्या वांग्याकडे खूप वेळ पाहिलं.

"कवळं हाय गं."

"पिकंल," सोनुबाई म्हणाली.

"हां. पिकंल."

तो एवढंच म्हणाला आणि त्याने उजवा हात तिच्या हातावर ठेवला. त्याला सगळं कळलं होतं का? मला अजून ठरवता येत नाही. चौथ्या दिवशी तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर पाहुणे पांगले. सोनुबाईने हर्षदला आणि जागृतीला बोलावलं आणि तो लाल बोळा त्यांच्यासमोर ठेवला.

"पंख्याचा दोष नवता रं. ही चिंधी मी घातली व्हती. गार लागंल म्हनून."

हर्षद खाली बसला. "आये, तवाच का नाय बोललीस?"

"तुज्या बापाला कळलं असतं."

जागृती सासूजवळ सरकली. हर्षदने उठून मला डब्यातून काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि कपाटात परत बसवलं. खिळ्यावरचं वांगं तोवर सुरकुतून काळं पडलं होतं. सोनुबाईने ते चिरलं. आत पांढरं, मऊ, चपटं बी. तिने ते राखेत घोळवून वाळवलं, त्यातलं सहा निवडलं आणि ट्रेमध्ये पेरलं.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला शहाणपण शिकवता येत नाही. पण एक विनवणी करतो. तुमच्या घरातला पंखा, पंप, मिक्सर, काहीही असो, त्याचा सूर बदलला तर क्षणभर थांबा आणि बघा. आम्हाला दुसरी भाषा नाही. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याची काळजी घ्यायची झाली तर त्याला काय हवंय ते आधी समजून घ्या. आणि घरात कुणाच्या उशाशी बियाची पुरचुंडी असेल, तर सगळं बी एकदम पेरू नका. थोडं शेजाऱ्याला द्या, थोडं पाहुण्याला द्या.

आज पेरल्याचा बाविसावा दिवस. वांग्याला कोंब यायला आठ-दहा दिवस पुष्कळ होतात. सोनुबाई रोज सकाळी झरोक्याशी हात धरून बघते, हवा आत जातेय ना. मग दार उघडून मातीकडे बघते आणि दार लावते. काल हर्षदने हळूच विचारलं, "आये, ट्रे काढू का?"

"राहू दे," ती म्हणाली. "त्यांना पिकंल म्हनले हाय मी."