खंडेनवमीला न आवळलेला नट

आधी हात काढा पाहू. मी एका जुन्या फियाटचं स्टिअरिंग बोलतोय, आणि न विचारता मला धरलेलं मला मुळीच खपत नाही. जन्मभर लोकांनी धरलं, वळवलं, रागाच्या भरात बडवलंसुद्धा. आता जरा माझंही ऐका.

माझा जन्म मुंबईतला, कुर्ल्याच्या कारखान्यातला. काळं बारीक कडं, मधोमध हॉर्नची टोपी. देखणा होतो मी! माझे पहिले मालक गडहिंग्लजचे एक गुळाचे व्यापारी. ते मला दोन बोटांनी धरायचे आणि दुसऱ्या हाताने पानाला चुना लावायचे. पुढे घरात नवी गाडी आली आणि आमची रवानगी गोठ्यात झाली. म्हशी रवंथ करायच्या आणि मी गंजत पडायचो.

त्र्याण्णव साली तिथून आम्हाला सोडवलं महालिंगने. तो गडहिंग्लजचाच, पण गॅरेज कोल्हापुरात, उद्यमनगरात. त्याने इंजिन उघडलं, पत्रा ठोकला आणि शेवटी रॉकेलच्या फडक्याने मला पुसलं. माणसाच्या तोंडावर माझा विश्वास नाही, हातावर आहे. महालिंगचा हात जत्रेत लेकराचं मनगट धरावं तसा होता, घट्ट पण न दुखवणारा.

त्याचा दोस्त हंबीरराव. गारगोटीच्या रस्त्यावर प्रवासी कोंबून वडापची जीप पळवायचा. त्याचा हात म्हणजे पैलवानाची पकड! वळण आलं की हा मला पोटाकडे ओढायचा. तिसरे गणपतनाना, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. या तिघांना मोटारींच्या शर्यतींचं वेड. शेडच्या भिंतीवर टीव्ही होता आणि त्याच्यासमोर फियाट उभी असायची. खुर्च्या असताना हे तिघे गाडीत बसून शर्यत बघायचे. हंबीरराव माझ्यासमोर, महालिंग शेजारी, नाना मागे. टीव्हीतली गाडी वळली की हंबीरराव मला वळवायचा. उभ्या गाडीत मी किती शर्यती पळालो असेन, देव जाणे.

कोल्हापुरात कोण मोठा हा प्रश्न चहाच्या आधी येतो. पैलवान कोण मोठा, बैल कुणाचा मोठा, तिखट रस्सा कुणाच्या घरचा. आमच्या गाडीत प्रश्न एकच, जगातला सगळ्यात मोठा ड्रायव्हर कोण? महालिंग सेन्नाचा भक्त. हंबीरराव आधी कुणाचाच नव्हता, मग शूमाकरचा झाला. नानांचा देव या दोघांच्या कितीतरी आधीचा, पन्नासच्या दशकातला फांजिओ.

चौऱ्याण्णवच्या एक मेला इटलीतल्या इमोलाच्या शर्यतीत सेन्नाची गाडी वळणावर वळलीच नाही, सरळ भिंतीवर गेली. महालिंग त्या दिवशी जेवला नाही. त्याची बायको शांतव्वा हिने विचारलं, "कोण गेलं?" तो म्हणाला, "घरातलंच गेलं." पुढे त्यावर कोर्टात खटले चालले. कुणी म्हणे स्टिअरिंगचा दांडा तुटला, कुणी म्हणे तसं नव्हतंच. महालिंगचं मत मात्र ठाम. दांडा तुटला, माणूस चुकला नाही. ते ऐकून हंबीरराव नुसता मिशीत हसायचा. ते हसू महालिंगला लागायचं, हे मला त्याच्या बोटांवरून कळायचं.

आता तो दिवस सांगतो. आजही आठवला की माझं कडं थरथरतं.

दोन हजार सहाची खंडेनवमी रविवारी आली. आदल्या संध्याकाळी माझा हॉर्न मुका झाला म्हणून महालिंगने मला उतरवलं होतं. आतली पट्टी घासली, मला पुन्हा दांड्यावर बसवलं, नट बोटांनी फिरवला आणि पान्यासाठी हात मागे केला. पाना जागेवर नव्हता. शांतव्वा खंडेनवमीच्या पूजेसाठी हत्यारं गोळा करत होती. डिकीतला जॅक आणि गाडीतले पानेही तिने सोडले नव्हते.

"एवढा नट आवळू दे की," महालिंग म्हणाला.

"अय्यो, धुऊन पाटावर मांडल्यात. आता दसऱ्यापातुर हात लावायचा न्हाय. गाडी कुठं जाणार हाय? पुजंला हुबीच ऱ्हाणार न्हवं?"

त्यालाही ते पटलं. त्याने नटावर हॉर्नची टोपी दाबून बसवली आणि नट झाकला गेला. सकाळी बॉनेटवर झेंडूची माळ चढली, टोपीवर कुंकू लागलं. महालिंग नट विसरला. मी कसा विसरेन? माझं डोकंच सैल होतं.

त्या दिवशी चीनची शर्यत होती. हंगाम संपला की निवृत्त होणार, असं शूमाकरने आधीच जाहीर केलेलं, त्यामुळे हंबीररावाचा जीव टांगणीला लागलेला. शूमाकर जिंकला. हंबीररावाने आनंदाने मला असं बडवलं की नट आणखी फिरला.

"सात येळचा जगज्जेता, आनि आज परत पयला! आता तरी कबूल कर, लिंगा!"

"आकडं मोजून मोठेपण ठरत न्हाय," महालिंग म्हणाला. "भर पावसात पयल्या फेरीत पाचव्यावरनं पयला आला, ते कोण? सेन्नाच न्हवं?"

"फांजिओपुढं दोघंबी पोरं," मागून नाना.

"नाना, तुमी बघितलाय व्हय त्येला?"

"देव तरी कुणी बघितलाय? तरी नारळ फोडतोसच की."

एरवी इथे हशा पिकायचा आणि चहा यायचा. त्या दिवशी हंबीररावाच्या अंगात वारं शिरलं होतं. तो म्हणाला, "मोठा असता तर गाडी भिंतीला घातली नसती. चुकला तुझा सेन्ना. आनि तू बारा वर्सं दांडा तुटला, दांडा तुटला म्हणून रडालाईस!"

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. मेलेल्या माणसाला असं बोलू नये. महालिंगने खिशातून किल्ली काढली आणि हंबीररावाच्या मांडीवर टाकली. "तोंडानं गाडी चालीवनं लई सोपं. पन्हाळ्याच्या घाटात चल. आधी तू गाडी खाली आन, मग मी आनतो. बघू कुणाला काय कळतंय."

नानांनी कसोटीही ठरवली. काठोकाठ भरलेला तांब्या त्यांच्या मांडीवर. पाणी सांडायचं नाही आणि मागच्या गाडीला पुढे जाऊ द्यायचं नाही. शांतव्वा आतून ओरडली, "पुजल्याली गाडी कुठं न्हेतासा?" तोवर गाडी रस्त्याला लागली होती.

पन्हाळ्यापर्यंतचा रस्ता कसाबसा पार पडला. चढाला मी अंग आखडून बसलो होतो. प्रत्येक खड्ड्यात नट थोडा सुटत होता. मी थरथरून सांगत होतो, पण जुन्या गाडीची थरथर कोण मनावर घेतो?

वर नाक्यावर नानांनी तांब्या भरून घेतला आणि उतार सुरू झाला. पहिल्याच वळणावर शेळ्या आडव्या आल्या. हंबीररावाने हॉर्न दाबला. दुरुस्त केलेला हॉर्न खणखणीत वाजला आणि महालिंग दचकून माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं.

"हंबीर, गाडी बाजूला घे. नट हातानंच लावलाय मी. पाना पुजंत गेलता."

हंबीरराव मोठ्याने हसला. "तुझी पाळी यायच्या आत नट ढिला झाला व्हय? सेन्नाचा दांडा तुटला, तुझा नट सुटला. तुमच्यातली स्टिअरिंगं लई नाजूक लगा!"

"शप्पत सांगतो, थांब!"

"हरायला भ्यालास, एवढंच बोल की!" आणि त्याने ॲक्सिलरेटर दाबला.

महालिंगची कोंडी झाली. पुन्हा बोलावं तर भित्रा ठरणार, न बोलावं तर तिघे दरीत जाणार. माझ्या संतापाला पारावार नव्हता. अरे, तुझ्या हातात मी आहे, शूमाकर नाही! पण मला तोंड कुठलं?

पुढचं वळण अगदी आखूड होतं. हंबीररावाने सवयीप्रमाणे मला पोटाकडे ओढलं. टोपी टणकन उडाली. नट त्याच्या मांडीवर पडला आणि तिथून खाली गडगडत गेला. मी दांड्यावरून निम्मा सुटून त्याच्या हातात आलो. ज्या तळव्यांची मला भीती वाटायची, ते बर्फासारखे गार पडले.

"लिंगा," एवढंच तो म्हणाला.

"वडू नगंस!" महालिंग ओरडला. "फुडं दाब. छाती लाव त्येच्यावर. सोडू नगंस." हंबीररावाने छाती माझ्यावर टेकली. त्याचं काळीज माझ्या कड्यावर धडधडत होतं. जुना ब्रेक एकटा उताराला पुरेना. फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच, महालिंगच्या बाजूला. "क्लच दाब," महालिंग म्हणाला आणि त्याने स्वतः गिअर खाली ओढला. "सोड. परत दाब." गाडी कण्हली, वेग थोडा मोडला. तेवढ्यात खालून एसटी चढताना दिसली. टोपी गेली तसा हॉर्नही गेला होता. नानांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि आरोळी ठोकली, "येऽऽ थांब! आमच्या गाडीला स्टिअरिंग न्हाय!"

एसटी जागेवर थांबली. महालिंगने हात लांबवून माझं कडं धरलं. एकाने दाबलं, दुसऱ्याने वळवलं, आणि आम्ही डोंगराच्या बाजूच्या मातीच्या बांधात घुसलो. दिवा फुटला. तांब्या नानांच्या अंगावर उपडा झाला. बाकी कुणाला खरचटलंही नाही.

हंबीररावाची बोटं मला सोडेनात. महालिंगने ती एकेक करून उकलली. मग त्याने सीटखालून नट शोधला. मागून आलेल्या जीपवाल्याकडे पाना मागितला, तर तो म्हणतो, "पावणं, पानं घरात पुजंला. आज कुणाच्याच गाडीत घावायचं न्हाईत." मग महालिंगनेच गाडी हळूहळू खाली आणली, दर वळणाला थांबून बोटांनी नट आवळत. हंबीरराव मागे बसला होता.

शांतव्वाने फुटलेला दिवा पाहिला, भिजलेले नाना पाहिले, आणि सगळं ऐकल्यावर पाटावरचा कुंकू लावलेला पाना स्वतः उचलून नवऱ्याच्या हातात दिला. "आवळा आधी. देवाला मी सांगते."

पुढचा रविवार उजाडला. जपानची शर्यत. महालिंग एकटाच गाडीत बसला, तोही शेजारच्या सीटवर. माझ्यासमोरची जागा मोकळी होती. शूमाकर सगळ्यांच्या पुढे होता आणि एकाएकी त्याच्या इंजिनातून धूर निघाला. महालिंगने हळहळून मान हलवली आणि वळून पाहिलं, तर दाराशी हंबीरराव उभा. कधी आला होता कोण जाणे.

"इंजिन गेलं रं," महालिंग म्हणाला. "त्येची चूक न्हाय."

हंबीरराव आत आला, माझ्यासमोर बसला. त्याने मला धरलं नाही. मग म्हणाला, "त्येचीबी नसंल, लिंगा. तुझ्या सेन्नाची. हातात आलं की कसं हुतंय, ते मला कळलंय आता." महालिंगने तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

नंतर फियाट भंगारात गेली. मला मात्र दोघांनी मिळून उतरवलं आणि शेडमध्ये खुंटीला अडकवलं. नाना आता नाहीत. ते दोघे म्हातारपणाकडे झुकलेत आणि खुर्च्यांवर बसून अजून तावातावाने भांडतात. शूमाकर की सेन्ना, अजून ठरलेलं नाही. नाहीच ठरलं तर बरं, मला ते भांडण ऐकायला आवडतं.

तुम्हीही भांडा, पोटभर भांडा. पण हात जोडून सांगतो, चालत्या गाडीत शेजारचा माणूस "थांब" म्हणाला तर आधी थांबा, तो खोटं बोलत असला तरी थांबा. आम्हाला त्या दिवशी मातीचा बांध लाभला. प्रत्येकाला लाभत नाही.