आमच्या घरी कोणालेच नव्हता

मी ऑक्सिमीटर बोलतोय. कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढा माझा जीव. पोटात दोन बारीक सेल आणि तोंडात लाल दिवा. माणसाचं बोट तोंडात धरलं की त्याच्या रक्तात प्राणवायू किती, हे मी वरच्या आकड्यात दाखवतो. नाडी किती वेगानं पळतेय, ते खालच्या आकड्यात.

काम तसं भल्याचं. पण ज्या घरात मी राहिलो, तिथं मी असणं हीच लपवायची गोष्ट होती. त्या लपवालपवीत एक लेकरू हातचं जाता जाता राहिलं. तीच हकिकत सांगतो.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. माझ्या खोक्यावर हसणाऱ्या आईबापाचं आणि मुलाचं चित्र होतं. करोनाची दुसरी लाट आली, तेव्हा मी पवनीच्या एका औषधाच्या दुकानात पोचलो. माझ्यासारखे ढीगभर आले होते आणि बघता बघता संपत होते. मला घेतलं श्यामरावांनी. अड्याळजवळच्या गावात त्यांचं किराण्याचं दुकान आहे आणि थोडी धानाची शेती. त्यांनी माझं खोकं तिथंच फेकलं, मला कागदात गुंडाळलं आणि पिशवीत वांग्यांच्या तळाशी ठेवलं.

गावात शिरताच कोणीतरी हटकलं, "काय आणलं जी, श्यामराव?"

"वांगे," ते म्हणाले.

माझी त्या गावाशी ओळख अशी झाली.

त्यांचा मुलगा प्रफुल्ल मागच्या खोलीत तापानं पडला होता. पवनीला गुपचूप केलेल्या तपासणीत करोना निघाला होता. श्यामरावांनी मला सुनेच्या हातात दिलं आणि म्हणाले, "शुभांगी, गावात कोणी विचारलं तर प्रफुल्ल नागपूरले गेला म्हणून सांगजो."

"पण मामाजी, सरकारी तपासणीले आशाताई येऊन राहिली रोज. तिले सांगितलं तर औषध तरी..."

"औषध मी आणतो. बाबुलालच्या घराचं काय झालं, पाहिलं ना तू?"

शुभांगीनं पाहिलं होतं. बाबुलालच्या घरी करोना निघाला, तेव्हा त्यांच्या दारावरून जाणं लोकांनी सोडलं होतं. हातपंपावर त्याच्या बायकोला कोणी उभं राहू देईना. बाबुलाल मीठ न्यायला आला, तर श्यामरावांनीच ओट्यावरून ओरडून त्याला थांबवलं होतं आणि पुडा लांबून धुळीत फेकला होता. आजूबाजूची माणसं हसली होती. हे सगळं मला नंतर शुभांगीच्या बोलण्यातून कळलं. आपण दुसऱ्याशी कसे वागलो, ते श्यामरावांना ठाऊक होतं. म्हणूनच त्यांना गावाची एवढी भीती होती.

प्रफुल्लचं बोट मी रोज धरत होतो. त्याचा आकडा कधी फार खाली गेला नाही. गुड्डीला, त्याच्या सात वर्षांच्या मुलीला, त्या खोलीत जायची बंदी होती. पण बाप घरात आहे हे तिला माहीत होतं. आई परसात गेली की ती हळूच आत शिरायची आणि मला आपल्या बोटाला लावून म्हणायची, "बाबा, माह्या बोटातून उजेड निघते, पाहा!" प्रफुल्ल तिला हातानंच दूर जायला सांगायचा. पुढं तिचं नाक वाहिलं, एक दिवस अंग कोमट झालं, आणि ती परत खेळायला लागली. कोणी मनावर घेतलं नाही.

प्रफुल्ल बरा झाला. 'नागपूरहून' परत आला. मला फडक्यात बांधून तांदळाच्या कोठीत पुरण्यात आलं.

पाऊस लागला, धानाचे पऱ्हे म्हणजे रोपं टाकायची वेळ आली तेव्हा गुड्डीला ताप भरला. चढला तो उतरेचना. पोट दुखतं म्हणून ती पाय पोटाशी घेऊन रडायची, पाणीही उलटून टाकायची. गावात येणाऱ्या डॉक्टरांनी विषमज्वर असेल म्हणून औषध दिलं. मग तिचे डोळे लाल झाले, पण चिपडं नव्हती. अंगावर पुरळ उठलं. ओठ सुजून भेगाळले. शुभांगीनं कोठीत हात घातला आणि मला बाहेर काढलं.

मी गुड्डीचं बोट धरलं. वर अठ्ठ्याण्णव आलं.

"अठ्ठ्याण्णव!" श्यामराव म्हणाले. "प्रफुल्लपेक्षा चांगलं आहे. करोना-बिरोना काही नाही. उगाच भिऊन राहिली तू."

खाली एकशे साठ लुकलुकत होतं. एवढंसं काळीज इतकं धावत होतं आणि कोणाचं तिकडं लक्ष नव्हतं. माझ्या वरच्या आकड्याकडं बघून घर निर्धास्त झालं, याची मला आजही शरम वाटते. मी खोटं बोललो नव्हतो. पण माझ्या अर्ध्या खऱ्यावर त्यांनी त्या लेकराला आणखी एक दिवस घरी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गुड्डी उठून बसेना, तेव्हा तिला भंडाऱ्याला नेलं. तिथल्या एका दवाखान्यात लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी गुड्डीचे डोळे पाहिले, तळवे पाहिले, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "महिना-दीड महिन्यात घरात कोणाला करोना झाला होता का?"

खोलीत इतर मुलांचे आईबाप होते. त्यातलं एक जोडपं अड्याळचं, श्यामरावांच्या ओळखीचं.

"नाही जी," श्यामराव म्हणाले. "आमच्या घरी कोणालेच नव्हता."

प्रफुल्ल खाली बघत राहिला. शुभांगीनं पदर तोंडाशी नेला. मी तिच्या पिशवीत होतो.

"नक्की? साधा ताप, खोकला?"

"काहीच नाही."

बाईंनी रक्त तपासायला पाठवलं, सलाईन लावलं आणि दुसऱ्या मुलाकडं वळल्या. दुपारपर्यंत गुड्डीचे हातपाय गार पडले. ती हाकेला ओ देईना. शुभांगीनं घाबरून मला काढलं आणि तिच्या बोटाला लावलं. त्या गार बोटात मला काही सापडेना. आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा आल्या. तिनं दुसरं बोट लावलं, मग तिसरं. रेघाच.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. गुड्डीला तपासता तपासता त्यांची नजर माझ्यावर गेली.

"हे दवाखान्याचं नाही. घरचं आहे?"

"हो."

"कशासाठी घेतलं होतं?"

शुभांगीनं सासऱ्याकडं पाहिलं. ते भिंतीकडं तोंड करून उभे होते. मग ती एकदम बोलली, साऱ्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या जोरानं. "हिच्या बाबाले झाला होता करोना, मॅडम! आमी लपवला. ही त्याच्या खोलीत जात होती."

बाई रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं. ही दुखणी एकसारखी दिसतात. मागचं कळलं, की वाट सापडते."

त्यांनी भराभर समजावून सांगितलं. विषाणू निघून गेल्यावर काही आठवड्यांनी एखाद्या मुलाच्या शरीराची रोगाशी लढणारी ताकद भलतीकडेच वळते. ती आपल्याच आतड्यांवर, कातडीवर, हृदयावर तुटून पडते. फार थोड्या मुलांना होतं, पण झालं तर वेळ दवडून चालत नाही. गुड्डीचं हृदय थकलं होतं. तिला लगेच नागपूरला हलवलं.

तिथं अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर तिघं बसून राहिले. आत शिरेतून महागडं औषध थेंबथेंब चाललं होतं. प्रफुल्ल कोणापाशीच बसेना. आपल्यापासून पोरीला लागलं, एवढंच तो पुटपुटत होता. श्यामराव सुनेजवळ आले.

"शुभांगी, माह्या हातून..."

"तुमचंच नाही, मामाजी. तुमी खोटं बोलले, अन् मी आयकून राहिली. आई मी आहो ना तिची? मले काय झालं होतं तोंड उघडाले?"

 श्यामराव तिथंच फरशीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

गुड्डी वाचली. ताप उतरला, हातपाय गरम झाले, तिनं पोहे मागितले. हृदयाला पूर्ववत व्हायला काही महिने लागले. तोवर पळायचं नाही, चढायचं नाही, गोळी चुकवायची नाही. मग डॉक्टरांनी सांगितलं, आता हिला खेळू द्या.

ती दवाखान्यातून घरी आली त्या आठवड्यात बाबुलाल दुकानाशी आला. "पोरगी बरी आहे ना?" त्यानं विचारलं. श्यामरावांनी मान हलवली. आत बोलवायचं मनात होतं, पण ते तागडी पुसत राहिले. बाबुलाल थोडा थांबला, "बरं," म्हणाला आणि गेला. 

आता काही वर्षं लोटली आहेत. माझी काच चरे पडून धुरकट झाली आहे, चिमट्याची कमान सैल पडली आहे. गुड्डीबरोबर बाहेर जायचं असलं की श्यामराव मला सदऱ्याच्या खिशात टाकतात. गरज नाही, हे त्यांना कळतं. तरी टाकतात.

वाचकहो, एखाद्या घरात लेकरू असं तापलं आणि डॉक्टरांनी मागचं विचारलं, तर इकडंतिकडं बघू नका. कोण बसलंय, कोण ऐकतंय, ते राहू द्या. शरम पुढं आयुष्यभर पुरते. लेकराजवळ तेवढा वेळ नसतो. मी जातो आता. पण नुकतंच घडलेलं एक तेवढं सांगून.

गुड्डीच्या शाळेत आरोग्य तपासणी होती. श्यामराव बाकावर बसले होते. डॉक्टरांनी गुड्डीला विचारलं, "लहानपणी काही मोठं दुखणं?"

मागं रुचिका, डिंपल, साऱ्या मैत्रिणी रांगेत होत्या. गुड्डी म्हणाली, "नाही सर."

श्यामराव उठले. काठी टेकत पुढं गेले आणि म्हणाले, "झालं होतं, डॉक्टरसाहेब. करोनानंतर हिच्या काळजावर सूज आली होती. करोना माह्या घरातूनच लागला, अन् मी तो लपवला होता. लिहून घ्या."

रांगेतल्या मुली माना उंचावून बघायला लागल्या. गुड्डीचे कान लाल झाले.

"आबाजी," ती कुजबुजली, "हळू बोला ना. साऱ्या आयकून राहिल्या."

"आयकू दे, माय," श्यामराव म्हणाले. त्यांनी आवाज खाली आणला नाही.