वाकोल्याच्या बाटलीतली दोन पानं

मी एक जुनी काचेची बाटली आहे, मित्रांनो. तोंड रुंद, बूड जाड आणि अंग आरपार पांढरं. स्पष्टच सांगते, माझ्याइतकी कामाची बाटली अख्ख्या वाकोल्यात दुसरी नसेल. याला गर्व म्हणायचं तर म्हणा, पण आधी माझी गोष्ट ऐका.

माझा जन्म भट्टीत झाला. वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवून, साच्यात हवा फुंकून मला घडवलं. पहिलं वर्ष माझ्या पोटात दुधात घालायची पावडर होती. ती संपली आणि मी भंगाराच्या पिशवीत जाऊन पडले. भंगारवाल्याने तराजू उचलला तेवढ्यात ऑलिव्हने मला बाहेर काढलं.

"ही राहू दे रे," ती म्हणाली. "हिच्यात हात जातो."

ऑलिव्ह वाकोल्याच्या गावठाणात राहते. तिच्या घरी दर मेमध्ये मसाला होतो. वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवायचे, भाजायचे, कांडायचे आणि बाटल्यांत दांडक्याने ठासून भरायचे. मुंबईतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत हा मसाला बाटलीतच राहतो, म्हणून त्याचं नावही बाटली मसाला. त्या घरात बाकी सगळ्या बाटल्या काळपट तपकिरी होत्या. उजेडाने मसाल्याचा रंग उडतो, म्हणून त्यांचा मान मोठा. मला मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या फळीवर ठेवायचे. माझ्यातला मसाला सगळ्यात आधी वापरून संपवायचे आणि मग मी रिकामी. आरपार दिसणं हाच माझा दोष ठरला होता. सात वर्षं मी तो दोष ऐकून घेतला आणि मला राग यायचा, हे लपवत नाही.

मग गेल्या डिसेंबरात ऑलिव्हची मुलगी सिंथिया मला न्यायला आली. ती तेव्हा सातवीत होती. तिला बाटली हवी होती ती आतलं दिसणारी. तपकिरी बायांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

तिने मला सोड्याने धुतलं आणि चार दिवस उन्हात पालथं ठेवलं. माझ्या प्लॅस्टिकच्या झाकणाला भोक पाडून त्यातून तांब्याची तार घातली आणि भोक मेणबत्तीच्या मेणाने बुजवलं. तारेच्या वरच्या टोकाला चांदीच्या कागदाची गोळी बसवली. खालच्या टोकाला त्याच कागदाच्या दोन बारीक पट्ट्या अडकवल्या, बोटभर लांबीच्या, एकमेकींना खेटून लटकणाऱ्या. त्यांना ती पानं म्हणायची. झाली मी विद्युतदर्शी! मसाल्याची बाटली एका दुपारी विज्ञानात गेली, मित्रांनो.

आता माझं काम काय, ते समजून घ्या. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या किंवा चिकटलेल्या ओढून वेगळ्या केल्या की एकीतले इलेक्ट्रॉन नावाचे अतिबारीक कण दुसरीत जातात. एकीत ते जास्त होतात, दुसरीत कमी पडतात. वाहायला वाट नसली की हा प्रभार तिथेच बसून राहतो. हीच स्थिर वीज. अशी वस्तू माझ्या गोळीजवळ आणली की माझ्या दोन्ही पानांवर सारखाच प्रभार येतो. सारखे प्रभार एकमेकांना दूर ढकलतात आणि पानं फाकतात. वस्तू लांब नेली की ती पुन्हा मिटतात.

डिसेंबर-जानेवारीत मुंबईची हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. सिंथियाने तेवढ्या दिवसांत घरातलं काही सोडलं नाही. केसांतून फिरवलेला कंगवा आणला, पानं उघडली. डोक्यावर घासलेला फुगा आणला, उघडली. चिकटपट्टी फर्रकन ओढून आणली, वहीचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून आणलं, तरी उघडली. ऑलिव्हने अंगातला स्वेटर काढला तेव्हा तडतड आवाज आला. सिंथिया तोच स्वेटर घेऊन माझ्याकडे धावली. लोखंडी कपाटाला हात लावताना बसणारा चटका, अंगाला चिकटणारी नायलॉनची साडी, सगळं तिने वहीत टिपलं. तारीख, वेळ, काय केलं, पानं किती उघडली. अशा बेचाळीस नोंदी झाल्या. माझ्याइतकं तिचं कुणीच ऐकत नव्हतं आणि तिच्याइतकं मला कुणी निरखून पाहिलं नव्हतं. ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस.

शाळा सुटली, उन्हाळा गेला, सिंथिया आठवीत आली. जुलैमध्ये नंदकिशोर सरांनी स्थिर विजेचा धडा घेतला. सिंथियाने वही सरांना दिली आणि म्हणाली, "सर, हे सगळं मी घरी करून बघितलंय. उद्या बाटली आणते."

त्या सकाळी तिने मला ओल्या फडक्याने लख्ख पुसलं. झाकण नळाखाली धरलं. स्वतःच्या केसांना चोपून तेल लावून दोन वेण्या घातल्या. शाळेत जायचं म्हणजे दोघींनी नीटनेटकं दिसायला हवं, असं तिचं मत. मीही खूश होते. मला वाटलं, आज आपण चमकणार. हसू नका, अक्कल मलाही तेव्हा नव्हती.

वर्गात टेबलावर मला ठेवलं. बाहेर धो धो पाऊस. सिंथियाने एक वेणी सोडून कंगवा फिरवला आणि गोळीजवळ आणला. पानं हलली नाहीत. तिने पुन्हा फिरवला. फुगा घासला, पट्टी ओढली. माझी दोन पानं मेल्यासारखी लटकत राहिली. माझ्या मनात आलं, अगं उघडा, निदान एकदा तरी उघडा. पण प्रभार असल्याशिवाय पानं उघडणार कशी?

पहिल्या बाकावरचा मिहिर म्हणाला, "सहा महिने फेकत होतीस ना? बेचाळीस वेळा म्हणे."

वर्ग हसला. सरांनी सगळ्यांना गप्प केलं, पण मग वही चाळत ते जे बोलले ते मिहिरपेक्षा जास्त लागलं. "सिंथिया, अक्षर छान आहे. पण निरीक्षणं मनाने लिहायची नसतात. शनिवारी एकदा दाखव. नाही जमलं तर ही वही मी विज्ञान प्रदर्शनाला पाठवू शकणार नाही."

मनाने लिहिलेली. म्हणजे खोटी. सिंथियाने वही दप्तरात टाकली ती घरी आल्यावरही उघडली नाही. प्रदर्शनाचं तिला फार काही नव्हतं. बेचाळीस खऱ्या गोष्टींना कुणी एका सकाळीत खोटं म्हटलं, हे तिला गिळवत नव्हतं. एकुलती एक साक्षीदार मी, आणि मला तोंड असून बोलता येत नाही.

ऑलिव्हने मला ओट्यावर पाहिलं. उचललं, उजेडाकडे धरलं आणि बोटाने आतून पुसलं.

"ही ओली आहे गं."

"कुठे ओली? पुसलीय मी."

"पुसलीस म्हणूनच. पावसाळ्यात पुसलेली बाटली वाळत नाही. हिच्यात मसाला भरला असतास तर आठ दिवसांत बुरशी आली असती. तुझी ती वीज काय वेगळी असेल?"

सिंथिया धावत जाऊन पुस्तक घेऊन आली आणि वाचायला लागली. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो. त्या थरावरून प्रभार निसटून जातो, साठतच नाही. पुस्तकात हे दोन ओळींत लिहिलेलं होतं. ऑलिव्हने ते पुस्तक कधी उघडलं नव्हतं. तिला बाटली माहीत होती.

शनिवारी सकाळी दोघी कामाला लागल्या. ऑलिव्हने तवा मंद आचेवर ठेवला, त्यावर जाड फडकं अंथरलं आणि मला आडवं ठेवून हळूहळू फिरवलं. झाकण लांब ठेवलं, मेण वितळलं असतं. ते कोरड्या फडक्याने पुसून पुसून वाळवलं. मग मूठभर तांदूळ भाजले, गार केले आणि माझ्या तळाशी टाकले. मिठाच्या डबीत टाकतात ना, तसेच, ओल शोषायला. कंगवाही कोरडा केला. सिंथियाने आदल्या दिवशीच केस शिकेकाईने धुतले होते. तेल नाही, वेण्या नाहीत. तेलाच्या केसांवर कंगवा घासला जात नाही, घसरतो. मग मला टॉवेलात आणि वर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ऑलिव्ह स्वतः शाळेच्या फाटकापर्यंत आली.

"पिशवी आधी सोडू नकोस," ती म्हणाली. "सर बोलले की मगच."

सरांनी पंखा बंद करायला सांगितला. सिंथियाने केसांतून दहा वेळा कंगवा फिरवला आणि गोळीजवळ आणला.

पानं उघडली. चांगली टरारून उघडली. कंगवा लांब नेला, मिटली. पुन्हा आणला, पुन्हा उघडली. त्या क्षणी मला जे वाटलं ते कुठल्याही तपकिरी बाटलीला कधी वाटलं नसेल. फुग्याने उघडली, चिकटपट्टीने उघडली, मिहिरच्या रेनकोटच्या पिशवीने सुद्धा उघडली.

पण मिहिर सहज मागे हटणारा नव्हता. त्याने वही ओढली. "एकतीस नंबर करून दाखव. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून गोळीला बोट लावलं, पानं उघडली, असं लिहिलंयस."

"तूच कर," सिंथिया म्हणाली.

मिहिर खुर्चीवर सरकून सरकून बसला, उठला, बोट लावलं. पानं जागची हलली नाहीत. मागून कुणीतरी हसलं. सिंथियाने स्वतः करून पाहिलं. नाहीच. आता पुन्हा तेच ऐकावं लागणार, असं मला वाटलं. खुर्ची दमट, कपडे पावसाने ओलसर, त्यात माझी काय चूक? पण हे बोलणार कोण?

सिंथियाने काही सारवासारव केली नाही. वही घेतली, पेन काढलं आणि एकतीसच्या खाली लिहायला लागली. सर जवळ येऊन वाचायला लागले. 'आज जुलै. पाऊस. दोघांनी केलं. पानं उघडली नाहीत.'

"हे कशाला लिहितेस?" सरांनी विचारलं. "चांगलं चाललं होतं की."

"झालं नाही ना सर. मग नाही झालं असंच लिहिणार."

सरांनी खिशातलं पेन काढलं. पानं उघडलेल्या नोंदी तशाच सोडल्या आणि बरोबर त्या ओळीखाली, जिथे मी हरले होते तिथे, 'समक्ष पाहिलं' असं लिहून सही केली.

"जी मुलगी न झालेलं लिहून ठेवते, ती झालेलं मनाने कशाला लिहील," ते सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले. "परवा मी तुला बोललो ते चुकलं माझं."

सिंथियाने मान हलवली. मिहिरने कंगवा मागितला आणि आपल्या डोक्यावर घासायला लागला. त्याचे केस तेलाचे होते, मित्रांनो, त्यामुळे त्याचं काही झालं नाही.

आता मी शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटात राहते. माझ्याशेजारी परीक्षानळ्या आहेत, काही फुटक्या, काही धुळीने माखलेल्या, आणि त्या पाहून माझा जीव तुटतो. कामाच्या वस्तू सांभाळा, मित्रांनो. काम झाल्यावर पुसा, वाळवा, जागच्या जागी ठेवा. पण मला तुमच्याकडे त्याहून मोठं मागायचं आहे. उद्या तुमच्या वर्गात कुणी म्हणेल, मी हे पाहिलंय. आणि नेमकं तुमच्यासमोर ते घडणार नाही. तेव्हा हसू नका. त्या दिवशी हवा कशी होती, तेवढं आधी विचारा.