अडीचशे आणि सत्तेचाळीस

डोळ्यांच्या डॉक्टरांनी "आजपासून गाडी चालवायची नाही" असं सांगितलं, तेव्हा दंतवैद्यांनी वाद घातला नाही. तीस वर्षं लोकांच्या तोंडात बारीक काम केलेला माणूस. नजरेच्या मधोमध धुरकट ठिपका बसलाय, हे त्यांना आधीच कळून चुकलं होतं. घरी येऊन त्यांनी किल्ली बायकोसमोर ठेवली.

"आता तूच सांभाळ हिला."

"मी? त्या धुडाला?" ती म्हणाली. "माझी आहे ती मला पुरे."

ती आरोग्य केंद्रात परिचारिका. लसी घेऊन डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर जायचं, हे तिचं एकोणीस वर्षांचं काम. तिची गाडी छोटी, सत्तेचाळीस हॉर्सपॉवरची. त्यांची अडीचशेची. तिच्या गाडीला ते 'शिलाई मशीन' म्हणत. दोघं मिळून कुठं निघाले की गाडी त्यांचीच आणि चालवायलाही तेच.

त्या शनिवारी डोंगर ओलांडून मुलीकडे जायचं होतं. दंतवैद्य पहिल्यांदाच बायकोच्या छोट्या गाडीत, तिच्या शेजारी गुडघे आवळून बसले.

चढ लागायच्या बऱ्याच आधी तिनं ॲक्सिलरेटर तळाला टेकवला. इंजिन किंचाळायला लागलं. वळण आलं, तरी तिनं ब्रेकला नुसता पाय लावला, गाडी तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात टाकली आणि वळणातून बाहेर पडता पडता पुन्हा पाय तळाला. गाडी एका अंगावर कलली. दंतवैद्यांनी दाराचं हँडल घट्ट धरलं.

"अगं, किती पळवतेस!"

"पळवतेय? पंचावन्नवर आहे काटा."

त्यांना काटा दिसत नव्हता. पण मान जराशी वाकडी केली की बायको दिसत होती. खालचा ओठ दातात धरून ती हसत होती. एकतीस वर्षांच्या संसारात हा चेहरा त्यांनी पाहिलाच नव्हता.

"इथं वेग गेला की गेला," ती सांगत होती. "परत मिळवायला अर्धा डोंगर लागतो. म्हणून पुढचं वळण डोक्यात ठेवूनच ही चालवायची."

"एकोणीस वर्षं तू हे करतेयस?"

"मग काय, रडत जात होते असं वाटलं तुम्हाला?"

त्यांना तसंच वाटत आलं होतं. कीव यायची तिची. आता चक्क हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाजही.

माथ्यावर तिनं इंजिन गार करायला गाडी थांबवली. दंतवैद्य म्हणाले, "माझ्या गाडीत मी इथं सगळा वेळ ब्रेकच मारत असतो. ॲक्सिलरेटरवर पाय जरा टेकवला की पुढचं वळण अंगावर." मग थोड्या वेळानं, "आठ वर्षांत एकदाही तळापर्यंत दाबला नाही. धीरच झाला नाही."

"एकदाही नाही?"

ती हसली नाही, याचं त्यांना बरं वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळी मोठ्या गाडीची किल्ली तिनंच घेतली. धरणाच्या खालच्या अंगाला सरळसोट, मोकळा रस्ता होता. सीट पुढे ओढून ती बसली, आरशात दोनदा मागे बघितलं आणि पाय तळाला नेला.

दंतवैद्यांचं डोकं मागं आदळलं. कडेच्या झाडांची एकच हिरवी भिंत झाली. मग तिनं पाय काढला.

"बाप रे," ती म्हणाली. "मजा आहे हो!"

"मग? हीच ठेवायची?"

ती विचारात पडली. "मजा आहे, पण मी काही केलंच नाही. पाय ठेवला, बाकी सगळं गाडीनं केलं. आणि चार-पाच सेकंदांत संपलं. रोज काय करायचं हिचं?"

तिचं म्हणणं पटत होतं. तरी काळीज अजून धडधडत होतं.

"अजून एकदा," ते म्हणाले.

"अहो, डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांनी चालवू नका म्हटलंय. बसू नका म्हटलेलं नाही."

तिनं गाडी वळवून आणली.

महिन्याभरानं एक कंत्राटदार ती मोठी गाडी विकत घेऊन गेला. दोघं फाटकाशी उभे होते.

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय. लोकांना दाखवायला घेतली होती, पण तरी वाटतंय."

"गुरुवारी वस्तीवर जायचंय मला. येता का?"

"येईन. पण वळणाआधी सांगत जा. जीव मुठीत धरायला वेळ तरी मिळेल."