मेंढ्या, विग आणि गुडघेदुखी

गंधालीचं फिजिओथेरपी क्लिनिक शंकर नगरात होतं, याबद्दल तिला शंका नव्हती, कारण रोज सकाळी तिथलं शटर तीच उघडायची. इंटरनेटचं मत मात्र वेगळं पडलं. इंटरनेटच्या मते ते बल्गेरियात होतं आणि तिथे मेंढ्यांची लोकर कापून मिळत होती.

हे तिला एका मेंढपाळाच्या ईमेलमुळे कळलं. माणूस सभ्य होता. आपण घरी येऊन लोकर कापता, की मेंढ्या तिकडे आणाव्या लागतील, एवढंच त्याने विचारलं होतं.

एरवी गंधाली हसली असती. पण गेले काही आठवडे क्लिनिकमध्ये कोणी फिरकलं नव्हतं, आणि हसायला निदान एखादा पेशंट तरी लागतो. कोणताही मोठा डॉक्टर तिच्याकडे पेशंट पाठवत नव्हता. तिचं सगळं एका गोष्टीवर चालायचं. रायपुरात कुणाचा गुडघा कुरकुरला आणि त्याने फोनवर ‘घुटने का दर्द’ असं शोधलं, की सगळ्यात वर तिचं नाव यायचं. ती जागा कुणी तिला आंदण दिली नव्हती. दोन वर्षं ती रिकाम्या वेळात हिंदीतून एकेका दुखण्यावर एकेक लेख लिहीत बसली होती. जिना उतरतानाचं दुखणं वेगळं, मांडी घालून बसल्यावर उठतानाचं वेगळं, स्कूटीला स्टँड लावतानाचं आणखी वेगळं. लोक फोन पुढे धरूनच आत यायचे आणि म्हणायचे, “दीदी, ये वाला.”

आता तिने स्वतःच स्वतःला शोधलं. पहिल्या पानावर ती नव्हती. दुसऱ्यावर नव्हती. बऱ्याच पानांनंतर सापडली, उंटांच्या गुडघ्यांवरच्या एका लेखाच्या खाली.

घरमालक कालच एका मोमोवाल्याला जागा दाखवून गेला होता. दाखवताना त्याने तिच्या तपासणीच्या पलंगावर थाप मारून “यहाँ स्टीमर आ जाएगा” असं म्हटलं होतं, आणि तेही तिच्यासमोर. महिनाअखेरीपर्यंत पेशंट परतले नाहीत तर तिला भिलाईच्या एका हॉस्पिटलात नोकरी धरावी लागणार होती. तिथे तिला खांदा विभाग मिळणार होता. दिवसभर नुसते खांदे.

तिने आपली वेबसाइट उघडली आणि व्यायामांच्या चित्रांखाली जाऊन पाहिलं. तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘हमारे मित्र’. त्याखाली मित्र होते. तीन जुगाराचे अड्डे, तुर्कस्तानातला विगवाला, फक्त जहाजावरच घटस्फोट करून देणारा एक वकील आणि मेंढ्यांचं काहीतरी. यादी संपतच नव्हती. सगळं आयुष्य धरूनही गंधालीला इतके मित्र झाले नव्हते.

साइटचा पासवर्ड तिच्याशिवाय एकाच माणसाकडे होता. तिने नरहरीमामांना फोन लावला आणि फक्त “या” म्हणाली.

नरहरीमामा म्हणजे तिच्या आईचे थोरले भाऊ. वीज कंपनीतून निवृत्त, राहायला ब्राह्मणपाऱ्यात. पण विचारलं तर ते स्वतःची ओळख ‘संपादक’ अशी करून द्यायचे. रायपुरातल्या मराठी घरांची परिचय-पुस्तिका तेच काढायचे. कोण कुठे राहतो, कुणाचा मुलगा काय करतो, फोन नंबर काय, सगळं त्यात असायचं. तिचा एक अलिखित नियम होता. एकदा आत गेलेलं नाव बाहेर निघत नाही. माणूस गेला तर नावापुढे ‘कै.’ लागायचं, फोन नंबर तसाच राहायचा. नाव छापून आलं की माणूस उभा राहतो, अशी मामांची श्रद्धा होती. जो मुळातच गेलाय तो उभा राहून काय करणार, हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“मामा, हे काय करून ठेवलं?” गंधालीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

“दिसलं का तुले?” मामा एकदम खूश झाले. “मीच तुझा पासवर्ड दिला त्या जाहिरातवाल्या चिरागले, अन् म्हटलं, पोट्टीले आत्ता सांगू नको. अवं, शेकड्यानं डिरेक्टऱ्या आहेत! जगभरच्या! सगळीकडे तुझं नाव लागून राहिलं.”

“मेंढ्यांमध्ये काहून लागलं?”

“तिथं फिजिओथेरपीचा रकाना नव्हता. हातानं करायची कामं पाहिली, तर हेच सगळ्यात जवळचं निघालं.”

“आणि खाली हे जुगारवाले?”

“त्यांनी आपलं नाव टाकलं, आपण त्यांचं टाकलं. लग्नात आहेर नाही करत का आपण? त्यांनी ताट दिलं, आपण वाटी द्यायची.”

“मामा, गूगलले हा आहेर चालत नाही. हे पाहा, नोटीस आली आहे. अदलाबदलीच्या लिंका लावल्या म्हणून त्यांनी मले खाली ढकललं. दोन वर्षं मी एकेक ओळ लिहिली, अन् तुम्ही एका दुपारी तिथं विग आणून लावले!”

“अवं, पण नाव तर झालं ना?”

“कोणात? बल्गेरियातल्या बाईचा गुडघा दुखला तर ती शंकर नगरले येईल?”

मामांनी खरोखर विचार केला. “ओळखीतली असंल तर येईल,” ते म्हणाले.

गंधालीने ती मित्रमंडळी खोडायला घेतली. पासवर्ड लागला नाही. पुन्हा टाकला, तरीही नाही. तो बदलला होता. म्हणजे दुकान तिचं आणि किल्ली चिरागकडे. तिने मामांना स्कूटीवर मागे बसवलं आणि निघाली. वाटेत मामांनी दोनदा “हळू” म्हटलं. तिने दोनदा वेग वाढवला.

चिरागच्या कंपनीचं नाव ‘रॉकेट रँक’ होतं. ऑफिसात खुर्च्या नव्हत्या, फुगीर गाद्या होत्या. त्यात बसलेला माणूस हळूहळू आत जातो आणि शेवटी त्याचा चेहरा तेवढा वर उरतो. चिरागने मामांना आदराने त्यातल्या सगळ्यात मोठ्या गादीत बसवलं. मामा आत गेले. गंधाली उभीच राहिली.

“दीदी, बैकलिंक तो बैकलिंक होता है,” चिराग म्हणाला. “आप क्वांटिटी देखिए ना.” त्याने एक आलेख दाखवला. त्यातली रेघ खालून वर जात होती.

“ये किस चीज़ का है?”

“ऊपर जाने का.”

“क्या ऊपर जा रहा है?”

“ग्राफ,” चिराग म्हणाला.

“और पेशंट?”

“पेशंट तो दीदी ऑफलाइन चीज़ है.”

गंधालीने गूगलची नोटीस त्याच्या नाकासमोर धरली. चिरागने ती वाचली आणि त्याचा चेहरा उजळला. “अरे वा! गूगल ने आपको पर्सनली लिखा है. हर किसी को नहीं लिखता.”

गादीच्या खोलातून मामांनी मान डोलावली. “पाहा,” ते म्हणाले.

मग गंधालीचा तोल गेला. तिने मराठीत सुरू केलं, मध्ये हिंदीत गेली, शेवटी कुठल्या भाषेत पोचली ते तिलाही कळलं नाही. “कोणी एक माणूस दाखव मले, ज्यानं या तुझ्या डिरेक्टरीत जाऊन कधी काही शोधलं! एक! शोधायचं यंत्र नव्हतं तेव्हा लोक अशा यादीतून जायचे, ठीक आहे. आजही गावातल्या डॉक्टरांची यादी असेल, नकाशावरचा पत्ता असेल, तिथं नाव पाहिजेच. तिथं माणसं खरंच येतात. पण हे? ही अशी बिल्डिंग आहे जिथं नुसत्या पाट्या लागल्या आहेत. राहत कोणीच नाही. फक्त पाटी लावणारा दुसऱ्या पाटीवाल्याले पाट्या विकून राहिला! पासवर्ड दे.”

“नहीं दे सकता दीदी. पैकेज साल भर का है. हम लिंक निकालेंगे तो सामने वाला भी निकालेगा. रिलेशन खराब होते हैं.”

“जुगारवाल्यांशी?”

“वो बहुत इमोशनल लोग हैं,” चिराग म्हणाला.

“जाऊ दे गंधाली,” मामा खालून म्हणाले. “वर्षाचा तर प्रश्न आहे. तेवढं भिलाईले खांदे कर.”

तिने मामांकडे अशा नजरेने पाहिलं की ते आणखी दोन बोटं आत गेले.

वातावरण निवळावं म्हणून चिरागने टाळी वाजवली. “अंकल, आपके लिए भी सरप्राइज है! आपने वो सैंपल दिया था ना, कि डिरेक्टरी कैसी होनी चाहिए? हमने पूरी ऑनलाइन कर दी.”

त्याने स्क्रीन मामांकडे झुकवली. मामांची परिचय-पुस्तिका होती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, सगळ्या घरांचे सगळे नंबर. प्रत्येक कुटुंबाखाली ताऱ्यांचा दर्जा होता आणि शेजारी विगची जाहिरात. मामांनी चष्मा सावरला आणि नेमकं आपल्या सासऱ्यांचं नाव शोधलं. कै. गंगाधरराव. साडेतीन तारे. ‘अभी खुला है, रात नौ बजे तक’.

मामांनी ते पुन्हा वाचलं.

“म्हणून,” ते सावकाश म्हणाले, “म्हणून आपल्या पुस्तिकेतल्या निवेदिताकाकू सकाळी मले रागावून राहिल्या होत्या. त्यांना केस लावायवाल्यांचे फोन येऊन राहिले. मले वाटलं, त्यांनीच विचारलं असंल.” मग त्यांचा आवाज चढला. “अरे पोट्ट्या! लोकांनी विश्वासानं नंबर दिले मले! तू माझ्या सासऱ्याले उघडं ठेवलं रात्री नऊपर्यंत!”

ते ताडकन उठले. म्हणजे त्यांचा तसा इरादा होता. गादीने त्यांना सोडलं नाही. त्यांनी डावीकडून प्रयत्न केला, उजवीकडून केला, मग दोन्ही हात वर केले.

“गंधाली, मले उभं कर. मले याले मारायचं आहे.”

राग कितीही असला तरी शिक्षण शिक्षण असतं. “पाय मागे घ्या. पुढे वाका. श्वास सोडत उठा, झटका नको,” ती म्हणाली, आणि मामा अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीने मारामारीसाठी उभे राहिले.

पण त्यांनी मारलं नाही. चिरागला ओलांडून ते दारामागे गेले, तिथला विजेचा बोर्ड उघडला आणि मुख्य स्विच खाली पाडला. पंखे थांबले, स्क्रीन काळ्या झाल्या, आतल्या खोलीत कुणीतरी “अबे!” म्हणालं. मामा बोर्डाला पाठ लावून हाताची घडी घालून उभे राहिले.

“अंकल, ये इल्लीगल है.”

“हव. कर तक्रार. वीज कंपनीत कर. तिथं सगळे मले ओळखतात.” मामांनी घडी आणखी घट्ट केली. “आधी समाजाचं पान उतरव. मग पोट्टीचा पासवर्ड.”

“लाइट के बिना कैसे उतारूँ?”

हा मुद्दा बरोबर होता. मामांनी स्विच वर केला, पण हात त्यावरच ठेवला. चिराग घाईघाईने एकेक काम उरकत गेला आणि तो मध्ये थांबला की मामांचं बोट हलायचं. पान उतरलं. पासवर्ड मिळाला. तो ‘गंधालीदीदीरॉकेट’ असा होता, आणि तिला त्याचाही राग आला.

दुपारी क्लिनिक उघडताच एक माणूस लंगडत आत आला. नाव रामकृष्ण साहू, समोरच्या कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलताना गुडघा मुरगळलेला. गंधालीने तपासलं, गुडघ्याखाली उशी दिली, वर बर्फाची पिशवी ठेवली, “थोडी देर लेटिए” म्हणाली आणि पडदा ओढून बाहेरच्या टेबलाशी आली. तिथे मामा लॅपटॉप उघडून बसले होते.

मामा एकेका मित्राचं नाव वाचत आणि गंधाली खोडत गेली. सुरुवातीला मामांचा आवाज जड होता, त्यांनी आयुष्यात कुणाचं नाव असं काढलं नव्हतं. वकिलापाशी ते जरा घुटमळले, “याचं राहू दे, पदवीधर आहे,” म्हणाले. पण जुगारवाल्यांपर्यंत येता येता त्यांना चव लागली. “काढ! यालेही काढ! हा तर दोनदा आहे, दोनदा काढ!”

मग गूगलला पत्र लिहायचं होतं, की चूक झाली, साफ केलं, आमचा पुन्हा विचार व्हावा. मामांनी ‘महोदय’पासून सांगायला सुरुवात केली. ‘चूक आमच्याकडून नव्हे, चिराग नामक इसमाकडून’ असं त्यांना हवं होतं.

“आपल्याकडूनच झाली,” गंधाली म्हणाली.

“आपल्याकडून म्हणजे कोणाकडून?”

“तुमच्याकडून!”

पत्र गेलं. लगेच उत्तर आलं, यंत्राचं. पोचलं, तपासणीला काही आठवडे लागू शकतात.

“आठवडे!” गंधालीने टेबलावर हात आपटला. “महिना संपते इथं! तोवर त्या पलंगावर मोमो शिजतील!”

“मी तुझ्या चांगल्यासाठीच केलं ना वं!”

“मग चांगल्यासाठी करणं बंद करा! तुम्ही वाईटासाठी करा काहीतरी, निदान विचारून तरी कराल! माझे लेख कोणी वाचत होतं मामा. खरी माणसं. नाव कुठं लागलं ते नाही पाहिलं त्यांनी, गुडघा बरा होते का ते पाहिलं!”

“मले कसं समजणार? मले तर नावच समजते!” मामाही ओरडले, आणि ओरडून झाल्यावर त्यांना स्वतःलाच ते वाक्य कसंसं वाटलं. ते खाली पाहत बसले. गंधालीला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

मग पडद्यामागून आवाज आला. “मैडम.”

गंधालीने पडदा सारला. रामकृष्ण साहू जिथे ठेवला होता तिथेच होता. बर्फाचं केव्हाच पाणी झालं होतं, उशी भिजली होती, चादर भिजली होती, पलंगाखाली तळं साचलं होतं. कित्येक आठवड्यांनी आलेला एकुलता एक पेशंट, आणि पेशंट का येत नाहीत यावर भांडताना ती त्यालाच विसरली होती.

“आपने आवाज़ क्यों नहीं दी?”

“दी थी,” तो म्हणाला. “आप लोग बहुत ज़ोर से थे. फिर नींद लग गई.”

तिने मामांना फडकं आणायला सांगितलं, स्टूल ओढलं आणि त्याचा पाय हातात घेतला. राग अजून हातात होता. तो गुडघ्यापर्यंत जाऊ नये म्हणून तिने आधी श्वास सोडला, मग हळूच पाय दुमडला. सकाळपासून पहिल्यांदाच ती काहीतरी करत होती जे तिला येत होतं. गुडघा आला तेव्हापेक्षा बराच जास्त वाकला.

“कल फिर आना पड़ेगा,” ती म्हणाली. “और परसों भी.”

“कल भी ऐसा ही झगड़ा होगा क्या?” रामकृष्णने विचारलं. “नींद अच्छी आई.”

मामा फडकं घेऊन दारात थांबले होते. गंधालीने त्यांच्याकडे पाहिलं.

“होगा,” ती म्हणाली.