अंकेचा ताजा कलम

नेल्ली अर्काद्येव्हना बाईंची कात्री सगळ्या शाळेला ठाऊक होती. दर बुधवारी शाळा सुटली की मैत्री मंडळ भरायचं आणि रशियातल्या कामा नदीकाठच्या या गावातली पोरं पूर्व जर्मनीतल्या पोरांना पत्रं लिहायची. तिकडच्या एकेका शाळेतून सगळी उत्तरं एकाच पाकिटातून इथल्या शाळेत यायची. वरचा हुकूमच होता तसा: पत्रव्यवहार शाळेतून शाळेत, घरचा पत्ता कुणी कुणाला द्यायचा नाही. पण तिकडची झाली तरी पोरंच ती, पत्राखाली घरचा पत्ता लिहायचीच. बाई तेवढी पट्टी कापायच्या, शिपाईण क्लावाकाकूंच्या चुलीत टाकायच्या आणि मगच पत्रं वाटायच्या. फार पूर्वी अशी एक पट्टी कापायची राहून गेली, तर जिल्ह्याच्या कचेरीत त्यांना दिवसभर बाकावर बसवून ठेवलं होतं. ती भीती अंगात मुरली ती मुरलीच.

सातवीतली अल्फिया बोलताना अडखळायची. ती उत्तराला उभी राहिली रे राहिली की मागच्या बाकावरून नकला सुरू. कसले मेले वर्गमित्र! शेवटी पोरीने तोंड उघडायचंच सोडलं. पण अंकेला, तिच्या तिकडच्या पत्रमैत्रिणीला, मात्र ती पानंच्या पानं लिहायची. आजीची द्वाड बकरी, भावाच्या खोड्या, कुठला मुलगा आवडतो आणि का आवडतो, सगळं. तपासताना बाईंना हसू आवरत नसे. ही पोर इतकी बडबडी आहे हे गावात कुणाच्या गावीही नव्हतं.

सप्टेंबरात अल्फियाचं पत्र परत आलं. पाकिटावर शिक्का होता: शाळा बंद.

"दोन्ही जर्मन्या एक झाल्या ना, मग निम्म्या शाळांना कुलपं लागली म्हणे," क्लावाकाकू म्हणाल्या.

मे महिन्यातलं अंकेचं पत्र बाईंना आठवलं. सहीखाली ताजा कलम होता. 'आमची शाळा बंद होतेय. बाबांना दुसऱ्या गावी काम मिळालंय. आता या पत्त्यावर लिही. मी वाट बघीन.' बाईंनी ते वाचलं होतं. वाचता वाचताच कात्री चालली होती. हाताला सवय, दुसरं काय! अल्फियाच्या हातात पडलं ते सहीपर्यंतचंच पत्र.

"अहो, पण कापलंत कशाला?" बाईंनी हे सांगताच काकू भडकल्या. "कुणाला भिता अजून? ते कचेरीवाले केव्हाच पळाले. तिथे आता बटाटे विकतात."

बाईंनी तिकडच्या शिक्षण खात्याला अंकेच्या नव्या पत्त्यासाठी जर्मनमध्ये अर्ज केला, पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. तोवर दर बुधवारी अल्फिया यायची, टेबलाकडे बघायची आणि परत जायची. बाई तिची नजर चुकवत राहिल्या. बर्फ पडू लागलं तेव्हा उत्तर आलं. विद्यार्थ्यांचे पत्ते परक्यांना देता येत नाहीत.

त्या बुधवारी बाकीची पोरं गेल्यावर बाईंनी तिला थांबवलं.

"अंकेची शाळा बंद झालीय, बाळा. तिने घरचा नवा पत्ता लिहिला होता. मी कापला."

"क… कुठंय तो?"

"चुलीत टाकला."

"तु… तुम्ही वाचला होता?"

"हो."

"गाव? न… नुसतं गाव तरी?"

किती रात्री बाईंनी डोकं खाजवलं होतं त्या गावासाठी! आठवत होती फक्त गल्ली, लिंडेन. तशी गल्ली तिकडे गावोगावी असते.

"नाही गं आठवत."

"म्हणजे ती अजून वा… वाट बघत असेल."

"असेल."

"तिला वाटेल, मीच सो… सोडलं तिला."

नाही म्हणावं असं बाईंच्या फार मनात आलं. पण या पोरीशी आता आणखी खोटं वागायची त्यांना लाज वाटली.

"हो," त्या म्हणाल्या. "तसंच वाटेल तिला."

अल्फियाने टोपी घातली, कानपट्ट्या नीट बांधल्या. दारात थांबून तिने विचारलं, "पुढच्या बु… बुधवारी मी नको ना येऊ?"

ये म्हणायचं तर कुणाला लिहायला ये म्हणायचं?

"नको," बाई म्हणाल्या.