दोन युनिट लागले

मे महिन्याच्या उन्हात, विड्यांसाठी तेंदूपानं गोळा होतात त्या फडावर पुड्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि पुड्यांचा हिशेब ठेवणारा फडमुन्शी केवळराम रस्त्याकडे डोळे लावून बसला होता. बाया पुडे मोजून देत होत्या, तो 'हो, ठेव' म्हणत होता; पण कोणी किती ठेवले हे विचारलं असतं तर त्याची बोबडी वळली असती. त्याची लेक कुंता गडचिरोलीला दवाखान्यात होती. पहिलं बाळंतपण, त्यात अंगात रक्त कमी. जावई भूपेशनं सांगून ठेवलं होतं की गरज पडली तर चामोर्शीला ठेकेदाराच्या गोदामावर फोन करतो, तिथून निरोप येईल. तेव्हापासून जंगलात कुठेही गाडी घुरघुरली की केवळराम उठून उभा राहायचा.

एरवी तो तलावात जाळं टाकणारा माणूस. उन्हाळ्यात पाणी आटलं की फडावर यायचा. हंगामाच्या मधे फड सोडणाऱ्याला पुढच्या वर्षी कोणी दारात उभं करत नाही, म्हणून बायको सोनीबाई लेकीजवळ राहिली आणि तो जवान पोराला, मिथुनला, घेऊन जंगलात आला. आला खरा, पण जीव तिकडेच टांगलेला.

सातव्या महिन्यात दवाखान्यात घरच्या सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. कुंताचं निघालं बी निगेटिव्ह. फार थोड्यांचं असतं म्हणे. केवळरामचं तेच, मिथुनचंही तेच. वेळ पडली तर तुम्हीच कामी याल, असं नर्सबाईंनी बजावलं, आणि याला उलटा अभिमानच वाटला. लेकीच्या अंगात माझंच रक्त आहे हे दवाखान्यानं पटवून दिलं, असं तो गावभर सांगत फिरला. तेव्हा सोनीबाईनं भर चौकात विचारलं होतं, की आजवर काय शंका होती?

आता युनिटचं सांगितलं पाहिजे, कारण सगळा घोळ त्या मेल्या शब्दाचा. खेड्यात युनिट येतं ते आधी लाइटच्या बिलातून. घरात बल्ब एक, तोही मिणमिणता, आणि युनिट मात्र गिरणी चालवल्यासारखे. मग पोरं शाळेत युनिट टेस्ट देतात आणि नापास होतात. आणि उन्हाळा आला की जंगलखात्याचं युनिट. तेंदूपानासाठी सगळं जंगल कापून त्याचे तुकडे पाडलेले, प्रत्येक तुकडा म्हणजे एक युनिट. सहा ए, सहा बी, सात ए, सात बी. एक युनिट पायी पालथं घालायचं तर सकाळचा माणूस संध्याकाळी बाहेर निघतो. लिलावात ते ठेकेदाराला मिळालं की म्हणायचं, युनिट लागलं. त्या दिवसांत फडावर लोक जेवताना, झोपताना, भांडताना युनिटच बोलत. या शब्दाला जंगलाबाहेर आणखी काही अर्थ असेल, हे कोणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

दुपारी लच्छूची जीप आली. लच्छू हा ठेकेदाराचा ड्रायव्हर, गोदाम आणि फड यांच्यामधे दिवसभर फिरणारा. केवळराम हातातले पुडे टाकून धावला. घरचा काही फोन आला का, असं त्यानं विचारलं. लच्छूनं मान हलवली. घरचा नाही, ऑफिसचा आला, म्हणाला, आणि सरळ दिवाणजीकडे गेला.

गुणवंतराव दिवाणजी म्हणजे फडावरचा शेवटचा शब्द. लच्छूचं ऐकून त्यांचा चेहरा खुलला. बोलीच न लागलेले दोन युनिट उरले होते, सहा बी आणि सात बी, आणि ठेकेदार त्यासाठी कधीचा गडचिरोलीला जंगलखात्यात खेटे घालत होता. आता गडचिरोलीहून फोन होता: दोन युनिट लागले, बी चे, केवळरामले लौकर पाठवा. यात न समजण्यासारखं काय होतं? नवा फड उघडायला भरवशाचा माणूस लागतोच. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, बाप सात बी ला जाईल, पोरगा सहा बी ला.

केवळरामला आनंद व्हायला हवा होता. दोन युनिट म्हणजे बढतीच. पण एटापल्लीच्या बाजूला जायचं, आणखी आत, गोदामापासून आणखी दूर! तिथे कुंताचा निरोप कसा पोचणार? त्यानं दबकत विचारलं, एक दिवस थांबलो तर चालेल का? गुणवंतराव म्हणाले, फोनवर 'लौकर' म्हणाले आहेत. दोर, ताडपत्री आणि तांदळाचं गाठोडं जीपमधे टाकून बापलेक निघाले.

वाटभर मिथुन नव्या युनिटचे बेत सांगत होता आणि केवळराम हूं हूं करत होता. दवाखाना मागे मागे पडत होता आणि आपण लेकीकडे पाठ करून चाललो आहोत असं त्याला सारखं वाटत होतं. एका फाट्यावर झोपडीत चहा मिळत होता. लच्छूनं तिथे गाडी थांबवली, कारण त्याचीही एक अडचण होती.

"केवळभाऊ, हे निगट्टा कोन्त्या रस्त्यानं येते?" त्यानं विचारलं. "गुणवंतराव सात बी म्हणते, पण फोनवर तर तो मानूस बी निगट्टा, बी निगट्टा करून राह्यला होता. या भागात गट्टा गाव मले माहीत आहे. निगट्टा कई ऐकलं नाई."

केवळरामनं कपबशी खाली ठेवली.

"काय म्हने तो? जसंच्या तसं सांग."

"लाइन खरखर करे. गडचिरोलीहून बोलतो म्हने. केवळरामले लौकर पाठवा, दोन युनिट लागते, बी निगट्टा. अन् फोन कटला."

"लागते म्हने का लागले म्हने?"

लच्छूनं डोकं खाजवलं. लागते म्हणाला असेल, पण त्यात काय फरक पडतो, असं त्याचं म्हणणं.

फरक काय पडतो ते केवळरामला कळलं होतं: लागले म्हणजे मिळाले, लागते म्हणजे पाहिजेत. रक्ताचं युनिट म्हणजे काय ते त्याला अजूनही ठाऊक नव्हतं. पण बी निगेटिव्ह म्हणजे काय ते जगात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? सकाळपासून ज्या निरोपाची वाट पाहिली तो समोर येऊन उभा राहिला होता आणि त्याचंच बोट धरून तो उलट्या वाटेला लागला होता.

"ऑफिस नाई लच्छू, तो भूपेश होता. माही पोरगी मरून राह्यली. गाडी फिरव."

लच्छूनं चहा तसाच ठेवला. मिथुन मागच्या सीटवर चढायला लागला तेव्हा केवळरामनं त्याचा दंड धरला.

"मी बी येतो ना बा."

"तू काऊन? रक्त द्याले मी आहो ना. दोघंही पळालो तर गुणवंतराव पुढच्या साली उभं करन का? तू सहा बी ले जाय."

मिथुन दोर खांद्यावर टाकून जंगलाच्या वाटेला लागला. केवळरामनं मागे वळूनही पाहिलं नाही. त्याला पुढचंच दिसत होतं.

दिवेलागणीला ते दवाखान्यात पोचले. दारातच सोनीबाई दिसली, पदर तोंडात धरलेली. बाळ सुखरूप होतं, मुलगी. पण कुंताचं रक्त थांबता थांबलं नव्हतं. या गटाचं साठ्यात काहीच नव्हतं. सोनीबाईचं जुळत नव्हतं, भूपेशचंही नाही. डॉक्टरनं जे शब्द सांगितले तेच त्यानं फोनवर ओरडून सांगितले होते आणि तेव्हापासून तो फाटकापाशी उभा होता. कोणाला बोल लावावा हे केवळरामला कळेना. सगळ्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

त्याला आडवं केलं, हातात सुई गेली. नळीतून रक्त खाली पिशवीत उतरत होतं. पिशवी भरल्यावर तिथल्या माणसानं सुई काढली, कापूस दाबला आणि म्हणाला, झालं एक युनिट.

केवळरामनं पिशवीकडे पाहिलं. ओंजळीत मावेल एवढी. यालाच युनिट म्हणतात? तो उठलाच नाही, दुसरा हात पुढे केला.

"आता दुसरा घ्या."

"एका माणसाचं एकच घेता येतं, भाऊ. दोन युनिट म्हणजे दोन माणसं. फोनवर दोन सांगितले होते ना? तुमच्यासोबत दुसरं कोण आलं?"

दुसरं कोण? दुसरा गाडीत पाय टाकत होता. दुसऱ्याचा दंड त्यानं स्वतः धरला, स्वतः खाली उतरवला आणि स्वतः जंगलात धाडला. त्याला रडू फुटलं. तिथल्या माणसाला वाटलं, सुई दुखली असेल.

डॉक्टर म्हणाल्या, हे एक उद्या दुपारपर्यंत धकवेल, पण दुसरं हवंच. लच्छू बाहेर जीपच्या टपावर हात टेकून उभा होता. आता लगेच निघालो तर सकाळी सहा बी गाठून मिथुनला घेऊन दुपारच्या आत येतो, असं तो आपणहून म्हणाला, आणि गाडी सुरूही केली. केवळराम कापूस दाबलेला हात तसाच धरून जीपच्या दाराशी आला.

"मिथुनले काय सांगशीन?"

"सांगतो ना, आनखी एक युनिट…"

"नाई." केवळरामनं दार घट्ट धरलं. "युनिट म्हनू नको. तो शब्दच तोंडातून काढू नको. म्हन, बहिनीले तुयं रक्त पाह्यजे."

"बहिनीले तुयं रक्त पाह्यजे," लच्छू म्हणाला.

केवळरामनं दार सोडलं नाही. "आनखी एकडाव म्हन," तो म्हणाला.